लिनक्स शिकायला कुठलं पुस्तक घेऊ?

परवा पुण्याहून भाच्याचा निरोप आला. "मामा, आम्हाला या सेमला ऑपरेटिंग सिस्टीम आहे. लिनक्सवरचं प्रोग्रॅमिंगही शिकायचंय. चांगल्या पुस्तकांची लिस्ट पाठव ना." आणि शेवटी जोडलेल्या हातांचं ते चित्र.

आता मंडळी, पंचवीस-सव्वीस वर्षं युनिक्स आणि लिनक्सच्या संगतीत काढलेल्या माणसाकडे कुणी अशी यादी मागितली की त्याला काय होतं, माहितीये? गुदगुल्या होतात! मीही लगेच टाइप करायला बसलो. एक, दोन, तीन करत अकराव्या पुस्तकावर पोहोचलो, तिथे थांबलो आणि सगळं पुसून टाकलं. कारण अशीच एक यादी मी २००४ साली इथे जुबैलमध्ये एकाला दिली होती आणि त्यात त्याचं नुकसान झालं होतं. आधी ते सांगतो, मग पुस्तकांकडे येतो.

ज्यांना जुबैल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे एकेकाळचं मासेमारीचं गाव. १९७५ नंतर इथे सरकारने औद्योगिक शहर उभं केलं आणि आता नजर जाईल तिथे रिफायनऱ्या आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने. आमच्यासारखे इंजिनीअर कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहतात, कंत्राटदारांची माणसं गावाबाहेरच्या कॅम्पमध्ये. जुन्या गावाला सगळे 'बलद' म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी तिथे इतकी आपली माणसं जमतात की क्षणभर आपण भिवंडीत आहोत असं वाटावं.

तिथेच मला तो भेटला. मूळचा सांगलीकडचा, म्हणून आम्ही त्याला सांगलीकरच म्हणायचो. आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, कंत्राटदाराकडे नोकरीला, पगार नऊशे रियाल. आमच्या कारखान्यात केबल ओढायच्या कामावर असताना त्याने आमची सिस्टीम रूम पाहिली आणि त्याच्या डोक्यात ती बसली. पुढे आमच्याच कंपनीत सिस्टीम ऑपरेटरची एक जागा निघणार असल्याचं त्याला कळलं. पगार जवळजवळ तिप्पट, राहायला खोली आणि मुख्य म्हणजे उन्हात काम नाही. परीक्षेला तीन महिने होते. एका शुक्रवारी चहा पिता पिता त्याने विचारलं, "साहेब, कुठली पुस्तकं वाचू ते तेवढं सांगा. अभ्यासाचं मी बघतो."

मी नुसतं सांगितलं नाही, स्वतःच्या कपाटातली पुस्तकं काढून दिली. मॉरिस बाखचं 'द डिझाइन ऑफ द युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीम' आणि रिचर्ड स्टीव्हन्सचं 'अ‍ॅडव्हान्स्ड प्रोग्रॅमिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट'. युनिक्सवाल्यांच्या जगात ही दोन नावं उच्चारताना लोक कानाला हात लावतात. देताना मला काय अभिमान वाटत होता!

आता त्याच्याकडे काय होतं ते बघा. आठवड्यातून एक सुट्टी, ती म्हणजे शुक्रवार. आमच्या ऑफिसला तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची (२०१३ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली), पण कॅम्पवाल्यांना एकच. त्या एका दिवसात कपडे धुणं, घरी फोन, बाजार आणि उरलेल्या वेळात बाख. खोलीत सहा जण. संगणक नाही, तो मी कधी बोलावलं तर माझ्या घरी येऊन तासभर बसायचा. शिक्षण मराठी माध्यमातलं.

दोन महिन्यांनी त्याला विचारलं, कुठवर आलास? तो जरा ओशाळला. म्हणाला, "साहेब, पुस्तक भारीच हाय, पर मला आत शिरायला दारच घावंना."

मी काय केलं असेल? त्याला म्हणालो, "नेटाने वाच, हळूहळू कळेल." हे वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते.

परीक्षेत तो गेला. म्हणजे नापास झाला. मी काही त्या निवड करणाऱ्यांत नव्हतो, पण नंतर एका सहकाऱ्याकडून मला प्रश्न कळले. डिस्क भरली आहे हे कसं ओळखाल? फाइल वाचायचा हक्क एखाद्याला कसा द्याल? चालू असलेले प्रोग्रॅम कसे बघाल? रोज रात्री एका फाइलची प्रत काढणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहा. बस्स! साध्या, हाताने करायच्या गोष्टी. धड शिकवलं असतं तर सांगलीकराने त्या महिन्याभरात केल्या असत्या. त्याऐवजी तो माझ्या सांगण्यावरून तीन महिने कर्नलच्या बफर कॅशशी कुस्ती खेळत बसला होता.

२००६ मध्ये त्याचं कंत्राट संपलं आणि तो गावी परत गेला. जाताना दोन्ही पुस्तकं वर्तमानपत्रात नीट गुंडाळून आणून दिली. बाखमध्ये खूण म्हणून बसचं तिकीट होतं. तिसरं प्रकरण.

आता माझ्या बाजूने थोडं. ही पुस्तकं मी उगाच दिली नव्हती. मी १९९८ साली इथे आलो तो इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनीअर म्हणून. कॉलेजात आमचा संगणकाशी संबंध म्हणजे फोर्ट्रान आणि तेही परीक्षेपुरतं. इथे कंट्रोल रूममध्ये सन कंपनीची सोलॅरिसवाली मशीन्स होती आणि त्यांच्या जवळ जायला सगळेच घाबरायचे. सौदीत सर्वसामान्यांच्या घरी इंटरनेट आलं तेच १९९९ साली, तेही टेलिफोनच्या तारेवरून, कुरकुरत. त्यामुळे अडलं तर विचारणार कुणाला? मशीनमध्येच असलेली 'मॅन' पानं, म्हणजे प्रत्येक कमांडची बारीक अक्षरातली माहिती, हाच काय तो गुरू.

एका रात्री एका मशीनची डिस्क भरली. प्लांटच्या नोंदी साठवणं बंद पडलं आणि शिफ्टवर मी एकटा. शोधाशोध केल्यावर एक भलीमोठी लॉग फाइल सापडली. धीर करून ती उडवली. फाइल गेली, यादीत दिसेना. पण डिस्क? भरलेलीच! पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. शंभर टक्के भरलेली. जी फाइल नाहीच ती जागा कशी काय अडवून बसते? पहाटेपर्यंत मी त्या पडद्याकडे बघत बसलो होतो. सकाळी एक वयस्कर ब्रिटिश कन्सल्टंट आले, त्यांनी एकच प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला आणि जागा मोकळी झाली. मी विचारलं, हे कसं? ते म्हणाले, "आयनोडबद्दल वाच." आणि गेले न्याहारीला.

आयनोड हा शब्द डोक्यात घेऊन मी त्या वर्षी सुट्टीवर पुण्याला आलो आणि अप्पा बळवंत चौकात बाखची स्वस्त भारतीय आवृत्ती मिळाली. चौथं-पाचवं प्रकरण मी एका बैठकीत वाचलं. आईने विचारलंही, "कादंबरी आहे का रे?" कादंबरीच होती! त्यात माझ्या त्या रात्रीचं उत्तर होतं. युनिक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. नाव म्हणजे दारावरची पाटी. आपण फाइल उडवतो तेव्हा खरं म्हणजे पाटी काढतो. पण आत भाडेकरू राहत असेल, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवली असेल, तर पाटी काढली म्हणून तो घर थोडंच सोडतो? तो बाहेर पडेपर्यंत जागा अडलेलीच. कर्नल दोन हिशेब ठेवतो: या फाइलला नावं किती आणि ती उघडून बसलेले किती. दोन्ही शून्य झाले की मगच जागा मोकळी. त्या ब्रिटिश बाबाने प्रोग्रॅम बंद केला म्हणजे भाडेकरू बाहेर काढला.

बाख मला गोड लागला तो त्या रात्रीमुळे. मला भूक लागलेली होती. सांगलीकराला मी भूक नसताना पंचपक्वान्नाचं ताट वाढलं आणि वर म्हणालो, नेटाने जेव!

माझं म्हणणं एवढंच आहे. आम्ही जुनी माणसं ज्या याद्या देतो त्या आम्हाला शेवटी आवडलेल्या पुस्तकांच्या असतात, आम्ही सुरुवातीला वापरलेल्या नाही. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी मिरवण्याचीही हौस असते. जाड पुस्तक वाचलेला माणूस ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

तर मग वाचायचं काय?

पुस्तकाच्याही आधी एक मशीन हवं, जे बिघडलं तरी कुणी ओरडणार नाही. घरातला अडगळीत पडलेला लॅपटॉप चालेल. तोही नसेल तर हल्ली विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय आहे, ती पुरते. ज्या मशीनवर बाबांचे इन्कम टॅक्सचे कागद आहेत त्यावर मात्र प्रयोग करू नये. (अनुभव! बाबांचे नव्हते, माझेच होते.)

पहिलं पुस्तक बारीक असावं आणि ते मशीनसमोर बसून वाचावं. विल्यम शॉट्सचं 'द लिनक्स कमांड लाइन' मी आज पहिलं सांगतो. ते लेखकानेच नेटवर फुकट ठेवलेलं आहे. फाइली, हक्क, पाइप, छोट्या स्क्रिप्ट. वर जे परीक्षेचे चार प्रश्न सांगितले त्यांची उत्तरं याच्या पलीकडे जात नाहीत. सांगलीकराच्या वेळी ते नव्हतं, पण सुमिताभ दास यांचं 'युनिक्स: कन्सेप्ट्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स' होतं, यशवंत कानेटकरांचं 'युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग' होतं. दोन्ही आपल्याकडे सहज मिळत होती. मला ती सुचली नाहीत, कारण ती मला 'फार सोपी' वाटायची. आता या 'फार सोपी' शब्दांचा राग येतो.

त्याच्या जोडीला एक जुनं रत्न: केर्निगन आणि पाइक यांचं 'द युनिक्स प्रोग्रॅमिंग एन्व्हायर्नमेंट'. १९८४ सालचं आहे, म्हणजे माझ्या भाच्याच्या बाबांना मिसरूड फुटायच्या आतलं. तरी त्यातलं बरंचसं आजच्या लिनक्सवर जसंच्या तसं चालतं. चाळीस वर्षं टिकलेलं संगणकाचं पुस्तक म्हणजे काय चीज असेल बघा! यात लेखक तुम्हाला साध्या कमांडपासून हाताला धरून नेतात आणि शेवटी स्वतःची एक चिमुकली गणिती भाषा बनवायला लावतात. शेवटची प्रकरणं अवघड आहेत, ती नंतर वाचली तरी चालतील. पण छोट्या-छोट्या कमांड एकमेकींना जोडून मोठं काम करून घेण्याची जी युनिक्सची सवय आहे, ती इतक्या सहजपणे मला दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात लागली नाही.

मग सी भाषा. इथे आपल्याकडे दोन पंथ आहेत. नागपूरच्या कानेटकरांचं 'लेट अस सी' वाचून भारतातल्या कित्येक पिढ्या सी शिकल्या आणि त्याबद्दल त्यांना नमस्कार. सोप्या इंग्रजीत, एकेक पायरी करत कसं शिकवावं ते त्यांना कळलं होतं. पण जुन्या आवृत्त्या डॉसवरच्या टर्बो सीच्या काळातल्या आहेत. त्या वाचून आलेली मुलं लिनक्सवर तेच प्रोग्रॅम चालवायला जातात आणि पहिल्या ओळीलाच ठेचकाळतात. नवी आवृत्ती घ्या. दुसरा पंथ केर्निगन आणि रिची यांच्या पुस्तकाचा. पहिलं १९७८ चं, दुसरी आवृत्ती १९८८ ची, पावणेतीनशेच्या आतलं. डेनिस रिची म्हणजे सी भाषेचा कर्ता आणि युनिक्सच्या दोन मुख्य कर्त्यांपैकी एक. २०११ मध्ये गेला. या पुस्तकात एकही शब्द फुकट नाही, त्यामुळे घाईने वाचणाऱ्याला ते पचत नाही. मी म्हणेन दोन्ही घ्या, आधी कानेटकर. केर्निगन-रिचीचं आठवं प्रकरण मात्र चुकवू नका. त्यात युनिक्सशी थेट बोलायचं कसं ते आहे आणि तिथूनच खरी गंमत सुरू होते.

इथपर्यंत आलात की वाचन थांबवा आणि एक काम करा. स्वतःचा शेल लिहा. अगदी बाळबोध चालेल. कमांड वाचायची, फोर्क करून नवी प्रोसेस जन्माला घालायची, तिच्यात एक्झेक करून तो प्रोग्रॅम चढवायचा, आणि तो संपेपर्यंत वेटमध्ये थांबायचं. शे-दीडशे ओळींत होतं. मग त्यात पाइप घाला. इथे घाम फुटेल. पाइपचं एक टोक बंद करायचं राहिलं की प्रोग्रॅम नुसता तिष्ठत बसतो, ना पुढे ना मागे. माझा असा एक आख्खा शुक्रवार गेला होता!

आणि आता, घाम फुटलेला असताना, स्टीव्हन्स उघडा. बघा कसा लागतो ते. रिचर्ड स्टीव्हन्सचं पुस्तक १९९२ चं. तो १९९९ मध्ये फार लवकर गेला. पुढच्या आवृत्त्या स्टीफन रेगो यांनी केल्या. त्याची पद्धत मला फार आवडते. तो तुम्हाला काही सांगत नाही, वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम दाखवतो, चालवतो आणि जे छापून आलं ते समोर ठेवतो. फक्त लिनक्सपुरतं बघायचं असेल तर मायकल केरिस्कचं २०१० सालचं 'द लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस' आणखी सविस्तर आहे. दीड हजारावर पानं, चौसष्ट प्रकरणं. बऱ्याच वर्षांपर्यंत लिनक्सची मॅन पानं सांभाळणारा माणूस तो, त्यामुळे त्याच्याइतकं बारकाईने कोण लिहिणार? पण ही दोन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून वाचायची नाहीत. डिक्शनरी कुणी अ पासून वाचतं का? अडलं की उघडायचं.

थोडं विषयांतर. जाड पुस्तकं सौदीत आणायची म्हणजे तेव्हा एक वेगळंच प्रकरण होतं. एकतर विमानात तीस किलो, त्यात आईने दिलेलं लोणचं आणि भाजणी. आणि विमानतळावर बॅगा उघडून पुस्तकं, कॅसेटी, सीडी बघत असत. मी एकदा बीएसडी युनिक्सवरचं १९८९ चं प्रसिद्ध पुस्तक घेऊन येत होतो. त्याच्या मुखपृष्ठावर काय असावं? शिंगं आणि त्रिशूळवाला छोटा सैतान! युनिक्समध्ये पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रॅमला 'डीमन' म्हणतात, त्यावरचा तो विनोद. पण हे सौदीच्या कस्टम्सला अरबीतून कोण समजावणार? मी मुंबईतच त्याला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं, वर लेबलही लावलं. अधिकाऱ्याने उघडून सीचा कोड बघितला, माझ्याकडे दयेने बघितलं आणि पुस्तक परत ठेवलं. कव्हर अजून तसंच आहे.

असो. आता ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात शिरायचं म्हटलं तर. कॉलेजात सगळ्यांना डायनोसॉरच्या मुखपृष्ठाचं सिल्बरशात्झ आणि गॅल्विनचं पुस्तक लावतात. वाईट नाही, पण ते वाचून मुलं जेवणाच्या टेबलावरच्या पाच तत्त्वज्ञांचं कोडं सोडवतात आणि आपल्या मशीनवर आत्ता किती प्रोसेस चालू आहेत ते सांगू शकत नाहीत. त्याऐवजी 'ऑपरेटिंग सिस्टिम्स: थ्री इझी पीसेस' वाचा. रेम्झी आणि आंद्रेआ अर्पाची-डुसो या प्राध्यापक दांपत्याने लिहिलंय आणि एकेक प्रकरण सुटं करून नेटवर फुकट ठेवलंय. प्रत्येक प्रकरणाची सुरुवात एका अडचणीने होते. आधी अडचण, मग उत्तर. मला जे जुबैलच्या त्या रात्रीने शिकवलं ते यांनी पुस्तकाच्या रचनेतच आणलं आहे.

त्याच्यासोबत एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेली 'एक्सव्हीसिक्स' ही छोटीशी सिस्टीम. हिचीही एक गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सगळा कोड, सुमारे नऊ हजार ओळी, त्यावरच्या टीकेसह विद्यार्थ्यांसाठी छापला. पण १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून एटी अँड टीने कोड वर्गात शिकवायला बंदी केली. मग काय, लायन्सच्या पुस्तकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स जगभर फिरल्या, अक्षरं पुसट होईपर्यंत. ते रीतसर छापून आलं १९९६ मध्ये. एमआयटीची सिस्टीम म्हणजे त्याच सहाव्या आवृत्तीला आजच्या मशीनवर नव्याने लिहिलेलं रूप. तिचं पुस्तक शंभरेक पानांचं आहे आणि कोड एका माणसाला महिन्याभरात वाचून होईल इतका. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक मैथिली वुटुकुरू यांची ऑपरेटिंग सिस्टीमवरची व्याख्यानं याच एक्सव्हीसिक्सच्या आधाराने आहेत आणि तीही नेटवर कुणालाही बघता येतात. पवईच्या वर्गात बसायला जेईई लागते, ही बघायला लागत नाही!

बाख त्यानंतर. मिष्टान्न म्हणून. १९८६ चं पुस्तक, त्यातली सिस्टीम आता संग्रहालयात, पण आकृत्या आणि तर्क अजून स्वच्छ. आजच्या लिनक्स कर्नलवरची पुस्तकं मात्र जपून घ्या. 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' ची तिसरी आवृत्ती २००५ ची, रॉबर्ट लव्हच्या पुस्तकाची तिसरी २०१० ची. चांगली आहेत, पण कर्नल तेव्हापासून इतका बदलला की त्यातले बरेच नमुने आज कंपाइलही होत नाहीत.

इतकं पोटात शिरायची गरज काय, असं विचाराल. ऑगस्ट २०१२ ची गोष्ट सांगतो. सौदी अरामकोवर 'शमून' नावाच्या व्हायरसचा हल्ला झाला आणि ऑफिसमधले सुमारे ३०,००० विंडोज संगणक निकामी झाले. तेल काढायच्या यंत्रणा वेगळ्या होत्या, त्या वाचल्या. त्या आठवड्यात आमच्या कंपनीतही धावपळ उडाली, भराभर तारा काढल्या गेल्या. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "हा बूट रेकॉर्ड म्हणजे काय आणि तो पुसला गेला की मशीन का उठत नाही?" खोलीत वीस-बावीस इंजिनीअर, निम्म्यांकडे कसली कसली सर्टिफिकेटं. उत्तर फक्त दोघांनी दिलं. मी त्यातला एक होतो म्हणून सांगत नाही (बरं, थोडं म्हणूनही सांगतोय). दुसरा एक सौदी मुलगा होता, जो घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालताना ते रेकॉर्ड तीन वेळा पुसून बसला होता!

आणि लिनक्स काही आता हौशी लोकांचा खेळ राहिलेला नाही. इथून तासा-दीड तासावरच्या दहरानमध्ये अरामकोचा 'दम्माम-७' हा महासंगणक आहे. २०२० च्या अखेरच्या यादीत तो जगात दहावा होता. भूगर्भातले तेलाचे साठे तो लिनक्सवरच हुडकतो. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सखेरीज दुसरं काही नाही.

भाषेबद्दल एक बोलायचं राहतंय. मूळचे सोलापूरचे आणि आयआयटीचे केमिकल इंजिनीअर अच्युत गोडबोले यांचं 'ऑपरेटिंग सिस्टिम्स' हे पाठ्यपुस्तक अनेकांना माहीत असेल. संगणकात थेट न शिकलेल्या माणसालाही कळावं असं ते लिहिलेलं आहे, भरपूर आकृत्या आहेत. याच गोडबोल्यांनी विज्ञान, संगीत, अर्थशास्त्र सगळं मराठीत आणलं, पण हे पुस्तक इंग्रजीत. त्यांना दोष नाही, परीक्षा इंग्रजीत, अभ्यासक्रम इंग्रजीत, मग पुस्तक मराठीत घेणार कोण? पण सांगलीकर अडला होता तो बफर कॅशला नव्हे. एकदा माझ्या घरी मी त्याला ते मराठीत सांगितलं होतं: विहीर लांब आहे म्हणून घरात हंडा भरून ठेवतो तसं डिस्क लांब म्हणून मेमरीत. त्याला दोन मिनिटांत कळलं. उलट त्याने मला विचारलं, "मग साहेब, लाइट गेली की हंड्यातलं सांडणार की!" बरोबर तोच प्रश्न पुस्तकात पुढे आहे. हा माणूस नापास झाला.

हल्ली कुणी म्हणेल, पुस्तकं कशाला, व्हिडिओ आहेत, चॅटबॉट आहे. आहेत ना. सांगलीकराकडे ते असते तर त्याने मराठीत प्रश्न विचारले असते आणि मराठीत उत्तरं मिळवली असती. मी त्याला विरोध करणार नाही. फक्त शेल स्वतः लिहा, त्याच्याकडून लिहून घेऊ नका. तिष्ठत बसलेला पाइप स्वतःच्या हाताने सोडवलेला नसेल तर स्टीव्हन्सही कळणार नाही.

सांगलीकराचं मिरजेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दर दिवाळीला फोन करतो. यंदा मी पहिल्यांदाच त्या यादीचा विषय काढला, म्हटलं चूक माझी होती. तो हसला. म्हणाला, "साहेब, ते ऱ्हाऊ द्या. पोरगी बारावीला हाय, कंप्युटरला जायचं म्हणत्या. तिला कुठलं पुस्तक देऊ?"

म्हटलं, शॉट्सचं. आणि तुझ्या दुकानातला तो जुना संगणक तिला बिघडवायला दे.

भाच्यालाही तेच एक नाव पाठवलं. पुढचं पुस्तक विचारायचं असेल तर आधी कुठे अडलास ते सांग, असंही लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"मामा, बाकीच्यांची लिस्ट?"